सारब्रुकनची वारी, तीन आवाजांच्या चिपसाठी

ईस्टरच्या सुट्टीत सारब्रुकनला जायचं असेल तर खाण्यापिण्याची खरेदी गुरुवारीच उरकून घ्यावी. गुड फ्रायडे, रविवार आणि सोमवार या तिन्ही दिवशी जर्मनीत दुकानांना टाळं असतं, मध्ये एकटा शनिवार उघडा. आणि 'रिव्हिजन' ही डेमोपार्टी, म्हणजे कॉम्प्युटरवर चित्र-संगीत घडवणाऱ्यांचा मेळावा, २०११पासून नेमकी याच चार दिवसांत भरते.

आम्ही फ्रँकफर्टहून पॅरिसला जाणारी वेगवान गाडी धरली. मानहाइम, कायझर्सलाउटर्न करत ती साधारण दोन तासांत सारब्रुकनला आणून सोडते. पॅरिसहून येणाऱ्यालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, कारण शहर फ्रान्सच्या सीमेला चिकटूनच आहे. सुट्टीमुळे डबे भरलेले असतात, तेव्हा जागा आधी राखून ठेवायची. मुख्य स्टेशनावरून लोकल गाडीने बुरबाखला उतरायचं आणि पुढे पायी. बॅगेत जुना कॉम्प्युटर असेल तर ती फरसबंदीवरून चाकांवर खडखडत नेऊ नये. सॉकेटमधल्या चिपा धक्क्यांनी हळूहळू वर सरकतात, मग मुक्कामी पोचल्यावर मशीन चालू केलं की काळा पडदा. झाकण उघडून प्रत्येक चिप अंगठ्याने दाबून घेतली की बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. मशीन बंद असताना, आणि हात आधी कुठल्यातरी जमिनीला जोडलेल्या धातूला लावून.

पार्टीची जागा म्हणजे ई-वेर्क, बुरबाखच्या लोखंड कारखान्याचं जुनं वीजघर. उंच छत, विटांच्या भिंती, आत टेबलांच्या रांगा आणि एका टोकाला भलामोठा पडदा. अंधार असतो, आवाज प्रचंड असतो. इअरप्लग न विसरता न्यावेत. बाटलीवर अनामत घेतात, त्यामुळे रिकामी बाटली फेकायची नाही, परत करायची.

इथे नवीन असणाऱ्यासाठी थोडक्यात: डेमो म्हणजे व्हिडिओ नव्हे. चित्र आणि संगीत कॉम्प्युटर त्या क्षणी स्वतः घडवत असतो, आणि जागा मोजून दिलेली असते. ४के गटात पूर्ण प्रोग्रॅम ४०९६ बाइट्समध्ये बसवायचा, ६४के गटात ६५,५३६मध्ये. ही कला ऐंशीच्या दशकात गेमचं कुलूप तोडणाऱ्यांनी सुरुवातीला चिकटवलेल्या फुशारकीच्या पाट्यांतून वाढली. फिनलंडने २०२०मध्ये आणि जर्मनीने २०२१मध्ये तिला आपापल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. सभागृहाला त्याचं फारसं सोयरसुतक नाही, तिथे शांतता पसरली की कुणीतरी मागून "अमिगा!" म्हणून ओरडतो (हे एका जुन्या कॉम्प्युटरचं नाव), एवढाच विधी.

आम्हाला मात्र आकर्षण होतं ते मागच्या टेबलांवरच्या जुन्या यंत्रांचं. कमोडोर ६४ (१९८२) समोर मोकळा दिसला आणि मालकाने मान डोलावली, तर पहिली गोष्ट करायची ती ही. बेसिकच्या पडद्यावर एकेक ओळ टंकून रिटर्न दाबायचं:

पोक ५४२९६,१५
पोक ५४२७७,९
पोक ५४२७८,०
पोक ५४२७२,६९
पोक ५४२७३,२९
पोक ५४२७६,३३

पोक म्हणजे मेमरीतल्या दिलेल्या पत्त्यावर आकडा टाकायची आज्ञा; हा शब्द अर्थातच रोमन लिपीत टंकायचा, आकडेही. पहिल्या ओळीने आवाज पूर्ण उघडतो. दुसरी-तिसरी सुराचा चढउतार ठरवते, इथे सूर लगेच उठतो आणि पाऊण सेकंदात विरतो. पुढच्या दोन ओळी म्हणजे वारंवारता: २९ गुणिले २५६ अधिक ६९, म्हणजे ७४९३. युरोपातल्या पाल (तिथल्या टीव्हीची पद्धत) मशीनचं घड्याळ सेकंदाला ९,८५,२४८ ठोके देतं. त्याला ७४९३ने गुणून १,६७,७७,२१६ने भागलं की ४४० हर्ट्झ येतात. शेवटच्या ओळीतला ३३ करवती तरंग निवडून सूर छेडतो. १७ दिलं तर त्रिकोणी तरंग, १२९ दिलं तर खरखर. ६५ने चौकोनी तरंग मिळतो, पण आधी ५४२७५मध्ये ८ भरायला हवेत, नाहीतर पल्सची रुंदी शून्य राहते आणि काहीच ऐकू येत नाही. हमखास होणारी चूक म्हणजे सूर पुन्हा वाजवायला परत ३३च टाकणं. चिप गप्प बसते. आधी ३२ टाकून गेट (सूर सुरू-बंद करणारा बिट) बंद करायचं, मग ३३.

अमेरिकन मशीनवर हेच आकडे टाकले तर ४४०ऐवजी सुमारे ४५७ हर्ट्झ ऐकू येतात, कारण तिथलं घड्याळ थोडं जलद आहे. शिवाय युरोपात संगीताचा प्लेअर पडद्याच्या प्रत्येक फ्रेमला एकदा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चालतो, अमेरिकेत ६० वेळा. तीच धून चढी, पण अर्ध्या स्वराहून थोडी कमी, आणि वीस टक्के जलद. इथल्या स्पर्धांमध्ये पाल यंत्रांचंच राज्य आहे.

ही सगळी करामत कमोडोर ६४मधल्या सिड या आवाजाच्या चिपची. बॉब यानेस यांनी ती रचली, आणि पुढे एन्सोनिक या सिंथेसायझर कंपनीच्या संस्थापकांत ते होते. तीन आवाज, चार तरंग आणि तिघांत मिळून एक फिल्टर, बस. तीन आवाजांत बास, ताल आणि चाल बसवायची तर कॉर्डला जागाच उरत नाही. म्हणून एकाच आवाजाचा सूर दर फ्रेमला बदलायचा: २० मिलिसेकंद षड्ज, २० गंधार, २० पंचम, पुन्हा षड्ज. कानाला तो थरथरता, बुडबुडल्यासारखा कॉर्ड वाटतो. तालासाठीही तेच. पहिल्या फ्रेमला खरखर, मग झपाट्याने खाली घसरणारा चौकोनी तरंग, की झाला ड्रम. आणि तो संपताच त्याच आवाजावर बास पुढे चालू.

या चिपमध्ये एक दोष आहे आणि संगीतकाराचे केस पांढरे करणारा तोच. सुराचा चढउतार मोजणारा पंधरा बिटांचा काउंटर ठरलेल्या आकड्याशी तंतोतंत बरोबरी झाली तरच पुढचं पाऊल टाकतो. काउंटर त्या आकड्याच्या पुढे गेलेला असताना आपण लहान आकडा दिला, तर त्याला ३२,७६८ ठोक्यांचा पूर्ण फेरा मारून यावं लागतं. म्हणजे ३३ मिलिसेकंद सूर उठतच नाही. एखादा सूर मधूनच गिळल्यासारखा होतो आणि चूक सापडता सापडत नाही. उपाय: पुढच्या सुराच्या दोन फ्रेम आधी गेट बंद करून चढउताराचे दोन्ही रजिस्टर (वरचे ५४२७७ आणि ५४२७८ हे पत्ते) शून्य करायचे. दोन फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तेवढ्यात फेरा आटोपतो. याला हार्ड रिस्टार्ट म्हणतात. गोटट्रॅकर आणि सिड-विझार्ड या धून लिहायच्या दोन्ही प्रोग्रॅममध्ये त्याची सोय आहे. पण तो का लागतो हे ठाऊक नसलेला माणूस तो बंद करून ठेवतो आणि मग बास अडखळतो.

डेमोसाठी संगीत करताना आणखी एक हिशेब सांभाळावा लागतो. पाल मशीनवर एका फ्रेमला ३१२ ओळी, प्रत्येकी ६३ ठोके, एकूण १९,६५६. त्यात अक्षरांच्या पडद्यावर दर आठव्या ओळीला चित्राची चिप सुमारे ४० ठोके हिसकावून घेते. प्लेअरने वीस-पंचवीस ओळींपेक्षा जास्त वेळ खाल्ला की कोड लिहिणारा कुरकुरायला लागतो. मोजायची जुनी रीत इथे अजून दिसते: प्लेअर सुरू होताना ५३२८० या पत्त्यावरचा कडेचा रंग बदलायचा, संपल्यावर पूर्ववत करायचा. पडद्याच्या कडेला जेवढा जाड पट्टा, तेवढा वेळ खर्च. सरासरी पाहू नये, सर्वात जाड पट्टा पाहावा.

स्पर्धेला धून देणाऱ्याने चिपचं मॉडेल सांगायलाच हवं. जुनी ६५८१ आणि नंतरची ८५८० या दोघींचे फिल्टर वेगळे. ६५८१मध्ये तर एकाच मॉडेलच्या दोन चिपांचाही फिल्टर जुळत नाही. एका मशीनवर गोड घुमणारा बास शेजारच्या टेबलावर रजई पांघरल्यासारखा येतो. ८५८० बरीच एकसारखी वागते, मिश्र तरंगही तिच्यावर चांगले वाजतात. पण आवाजाच्या रजिस्टरमध्ये भराभर आकडे बदलून जे ध्वनिनमुने वाजवले जातात, ते ६५८१वर दणदणीत आणि ८५८०वर पुटपुटल्यासारखे येतात, कारण तो खेळ जुन्या चिपच्या आउटपुटमधल्या गळक्या व्होल्टेजवरच चालत होता. इम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्रॅम, आज उत्तम आहेत. पण ते कुठल्यातरी एका ६५८१ची नक्कल करतात. खऱ्या लोखंडावर ऐकायला इतका प्रवास करायचा तो त्यासाठी.

चिपांची अदलाबदल करण्याचा मोह होतो. ६५८१ला १२ व्होल्ट लागतात, ८५८०ला ९; जुन्या बोर्डात ८५८० तशीच बसवली तर ती मरते. फिल्टरचे दोन कपॅसिटरही बदलावे लागतात, ४७० पिकोफॅरडच्या जागी २२ नॅनोफॅरड. बाजारात नवं नाव छापलेल्या बनावट चिपा सर्रास मिळतात, त्यामुळे विकत घेण्याआधी वाजवून बघावी.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे मूळ पॉवर सप्लाय. त्या काळ्या विटेत इपॉक्सी ओतलेलं असतं, आतली उष्णता बाहेर पडत नाही. पाच व्होल्टचा रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज वर चढतं आणि पहिल्या झटक्यात मेमरीच्या चिपा जातात. मल्टिमीटर सोबत ठेवावा. ५.२५च्या वर आकडा दिसला की तो सप्लाय पुन्हा वापरायचा नाही. नवा सप्लाय घ्यायचा तर ९ व्होल्टचा एसी देणाराही हवा, नुसता ५ व्होल्टचा अडॅप्टर चालत नाही.

डिस्कच्या बाबतीत आमचा सल्ला: दोन प्रती, दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर तपासलेल्या. हेड किंचित सरकलेल्या ड्राइव्हवर लिहिलेली डिस्क त्याच ड्राइव्हवर सुरेख चालते आणि दुसरीकडे उघडतही नाही. एसडी कार्डाचे स्वस्त अडॅप्टर गेमसाठी ठीक, डेमोसाठी बहुतेक वेळा नाही. कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हमध्ये स्वतःचा प्रोसेसर आणि २ केबी मेमरी असते, आणि डेमो आपला लोडर तिथेच चढवतात, म्हणजे संगीत न थांबता पुढचा भाग वाचता येतो. स्वस्त अडॅप्टरमध्ये तो प्रोसेसरच नाही. खरा १५४१ न्यावा, नाहीतर त्याची प्रोसेसरसकट नक्कल करणारा १५४१ अल्टिमेट.

संगीताच्या दृष्टीने जर्मनीत येण्याला एक वेगळा अर्थ आहे. क्रिस ह्युल्सबेक यांचा साउंडमॉनिटर हा धून लिहायचा प्रोग्रॅम १९८६मध्ये '६४'र' या जर्मन मासिकात छापून आला. वाचकांनी तो पानावरून आकडा आकडा टंकून घेतला. वरून खाली सरकणाऱ्या स्तंभांत सूर लिहायची आज सर्वत्र दिसणारी ट्रॅकरची मांडणी अमिगावर १९८७मध्ये आणली ती कार्स्टन ओबार्स्की यांनी, तेही इथलेच.

अमिगाचं गणित निराळं. पॉला चिप सूर घडवत नाही, मेमरीतले आठ बिटांचे नमुने वाजवते, चार चॅनेलवर. मॉड फाइलमध्ये (ट्रॅकरची धून साठवणारी फाइल) एका पॅटर्नला ६४ ओळी. नेहमीच्या वेगात ओळीला सहा टिक, प्रत्येक २० मिलिसेकंदांचा, म्हणजे पॅटर्न ७.६८ सेकंदांचा. मधल्या सप्तकाचा सी सेकंदाला ८२८७ बाइट्स खातो. ५१२ केबीच्या मशीनवर चित्र आणि संगीत दोघांचं भागवायचं, त्यामुळे नमुना कमी दराने घ्यायचा आणि गूंज लूपमध्ये पकडायची. लूपची लांबी सम बाइट्सची असते आणि ती शून्याच्या जवळ जुळवली नाही तर टकटक ऐकू येते. न लूप होणाऱ्या नमुन्याचे पहिले दोन बाइट शून्य हवेत. नमुना संपल्यावर पॉला तेच दोन बाइट घोळवत बसते आणि त्यात काही शिल्लक असेल तर मागे बारीक शिट्टी राहते.

चॅनेल १ आणि ४ डावीकडे, २ आणि ३ उजवीकडे, पूर्णपणे. सभागृहात ते छान पसरतं, हेडफोनवर मात्र डोकं दुखतं. ऐकताना दोन्ही बाजू थोड्या मिसळून घ्याव्यात. रचना करताना बास एकट्या डाव्या कानात ठेवू नये. ट्रॅकरमध्ये सुराशेजारी लिहायच्या ई०० या आज्ञेने फिल्टर चालू होतो, ई०१ने बंद, आणि बंद झाल्याची खूण म्हणजे पॉवरचा दिवा मंदावतो. धुनीच्या पहिल्या ओळीतच हे ठरवून टाकावं, नाहीतर आधीच्या माणसाने सोडलेल्या अवस्थेत आपली धून वाजते.

जुनी अमिगा विकत घ्यायला निघालेल्यांसाठी: ५०० प्लस आणि २०००मध्ये बोर्डावरची बॅटरी गळून तांब्याच्या वाटा खाते, ६०० आणि १२००मध्ये कपॅसिटर गळतात. झाकण उघडून दाखवत नसेल तर घेऊ नये.

सोमवारी गाडीला वेळ असेल तर त्याच लोकल मार्गावर पुढे फोल्क्लिंगेनला उतरावं. तिथल्या लोखंड कारखान्याच्या सहा झोतभट्ट्या १९८६मध्ये बंद पडल्या आणि १९९४पासून तो जागतिक वारसा आहे. वर चढायच्या जिन्यांची संख्या पाहता जड बॅग घेऊन जाऊ नये.

स्पर्धेतल्या फाइली पार्टीनंतर सीन डॉट ऑर्गवर येतात आणि सिड धुनी हळूहळू हाय व्होल्टेज सिड कलेक्शनमध्ये. तिथे पन्नास हजारांहून अधिक धुनी जमल्या आहेत. व्हाइस इम्युलेटरवर ऐकायच्या तर मशीन पाल निवडा, आवाजाचं इंजिन रीसिड, आणि चिपचं मॉडेल धुनीच्या फाइलमध्ये नोंदलेलं असेल तेच. स्क्रीनचा दर ६०वरून ५० हर्ट्झवर आणता येत असेल तर तोही आणा, म्हणजे सरकणारी अक्षरं हिसके देणार नाहीत.