तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रक उचलावा की बसवावा?

अमेरिकेत पिकअप घेतलेली मराठी मंडळी वर्षभरात मागे कॅम्पर नाहीतर बोट लावायचं मनावर घेतात. मग प्रश्न येतो: "ट्रक लिफ्ट करून घेऊ की लोअर? ओढायला कोणता बरा?" लिफ्ट म्हणजे ट्रक मुळापेक्षा उंच उचलणं, लोअर म्हणजे खाली बसवणं.

ओढायचं काम खरोखर असेल तर कारखान्यातून आलाय तसाच ठेवा. हे उत्तर कुणालाच नको असतं, ते सोडा. दोन्हीतून एकच घ्यायचा तर मागून दोन-तीन इंच बसवलेला ट्रक सहा इंच उचललेल्यापेक्षा कामाला उजवा. लोक त्याला शोचा ट्रक म्हणून हसतात. पण पूर्ण आकाराच्या पिकअपचं टेलगेट, म्हणजे मागचं उघडणारं फळकं, मुळात 36 इंचांच्या आसपास असतं. सहा इंच लिफ्ट आणि 35 इंची टायर घातले की ते 43 च्या पुढे जातं. तिथली सिमेंटची गोणी 94 पौंडांची, म्हणजे आपले साडेबेचाळीस किलो. ती कोपराच्या वर उचलून ठेवायची आणि कमरेएवढ्या उंचीवर सरकवायची, यातला फरक बाराव्या गोणीला कळतो.

आता हिच, म्हणजे ट्रक आणि ट्रेलरची जोडणी. इथेच बहुतेकांचं चुकतं, आणि काम तर दहा मिनिटांचं आहे. सपाट जागेवर ट्रेलर जॅकने अगदी समतल करा आणि जमिनीपासून कपलरच्या (ट्रेलरच्या नाकावरची, बॉलवर बसणारी वाटी) खालच्या कडेपर्यंत मोजा. मग रिसीव्हरच्या, म्हणजे ट्रकच्या मागे खाली असलेल्या चौकोनी नळीच्या, आतल्या वरच्या कडेपर्यंत मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे बॉल माउंटला, म्हणजे त्या नळीत घालायच्या, टोकाला बॉल असलेल्या दांडीला, लागणारा उतार किंवा चढ. समजा मूळ रिसीव्हर 20 इंचांवर होता. चार इंच लिफ्ट केलं, टायर 32 चे 35 केले. टायर तीन इंचांनी वाढला तरी ट्रक दीडच इंच वर जातो, कारण अर्धी वाढ आसाच्या वर राहते. रिसीव्हर आला 25.5 वर. कपलर 18 वर असेल तर साडेसात इंचांचा उतार हवा. भार पडल्यावर ट्रकची शेपटी इंच-दीड इंच खाली जाते, म्हणून सहाचा घ्या. उलट पाच इंच बसवलेल्या ट्रकचा रिसीव्हर 15 वर, म्हणजे तीन इंच चढ, आणि भार धरून चार.

लांब उताराचा बॉल माउंट घेताना त्याच्यावर कोरलेला आकडा वाचा. ब्रेक मारल्यावर ट्रेलर बॉलला पुढे ढकलतो. बॉल जेवढा खाली, तेवढा रिसीव्हरला पिळणारा जोर जास्त. म्हणूनच जास्त उताराच्या माउंटची क्षमता बऱ्याचदा कमी लिहिलेली असते. रिसीव्हर, माउंट आणि बॉल यांत सगळ्यांत लहान आकडा ज्याचा, तीच तुमची मर्यादा.

उतार कमी पडला की ट्रेलरचं नाक वर राहतं. दोन आसांच्या ट्रेलरमध्ये मग मागच्या आसावर जादा वजन येतं. आस कमानपाट्यांवर असतील तर दोन्हींकडचे पाटे जोडणारा मधला इक्वलायझर थोडं वाटून घेतो. टॉर्शन आस (पाट्यांऐवजी आत रबर असलेले) असतील तर तेही नाही: मागचे दोन टायर तापतात आणि एखाद्या उन्हाळी दुपारी फुटतात. लोक टायरवाल्याला शिव्या देतात.

उचललेल्या ट्रकची दुसरी भानगड वजनाची. चालकाच्या दाराच्या चौकटीवर माणसं आणि सामान मिळून किती, हे लिहिलेलं असतं. समजा 1600 पौंड. लिफ्टचं लोखंड आणि जड टायर मिळून 250 गेले, उरले 1350. ट्रेलर 7000 पौंडांचा. त्याच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भाग बॉलवर यायला हवा, नाहीतर तो मागे डोलतो. साडेबारा टक्के धरले तर 875. चार माणसांचे 640 मिळवा. झाले 1515. अजून एक पिशवीही ठेवलेली नाही आणि 165 पौंड जास्त!

तिसरी गिअरची. डिफरन्शियल 3.55 चं असेल (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 3.55 फेरे) आणि टायर 32 वरून 35 वर गेले, तर प्रत्यक्षात गुणोत्तर 3.25 उरतं. घाटात इंजिन रडतं, गिअरबॉक्स सतत वरखाली करत तापतो. मूळ जोर परत हवा तर हिशोबाने 3.88 लागतं, म्हणजे 3.92 किंवा 4.10 घालावं लागतं, आणि फोर बाय फोरला ते पुढेही आणि मागेही. स्पीडोमीटरही जुळवून घ्या, नाहीतर काटा 60 दाखवेल आणि गाडी साडेपासष्टने पळत असेल. जाहिरातीत छापलेली ओढण्याची क्षमता ज्या जे2807 मानकाने ठरते, त्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ एसी चालू ठेवून चढायचा असतो. तो आकडा कारखान्याच्या टायरांचा आणि कारखान्याच्या उंचीचा. तुमच्या बदललेल्या ट्रकला तो लागू नाही.

मागे उंची मिळवायला कमानपाटे आणि आस यांच्यामध्ये ठोकळे घालतात. एक ठोकळा चालतो, ठोकळ्यावर ठोकळा कधीही नाही. ओढताना आस पिळला जातो, पाटे इंग्रजी एससारखे वळतात आणि सुटताना ट्रक थरथरतो. उंच ठोकळ्यांना ट्रॅक्शन बार, म्हणजे आसाला पिळू न देणाऱ्या दांड्या, लावाव्याच लागतात. गिअरबॉक्सचा जोर आसाकडे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडला तर आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला नुसतं "क्रॉस" म्हणतात तो युनिव्हर्सल जॉइंट आधी गुणगुणतो, मग जातो. आणि पाटे आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट जुने वापरू नका. एकदा आवळले की ते ताणले जातात. नवे घाला, आणि शंभर मैलांनी पुन्हा टॉर्क तपासा.

बसवलेला ट्रक मात्र वेगळ्या ठिकाणी दगा देतो. जेवढे इंच खाली, तेवढी आस वर यायची जागा कमी. त्यात भार टाकला की आस बंप स्टॉपवर, म्हणजे चासीखालच्या रबरी ठोकळ्यावर, जाऊन बसतो. मग स्प्रिंग उरतच नाही. प्रत्येक खड्डा थेट चासीला बसतो आणि ट्रेलरला उचकी लागल्यासारखं होतं. पाच-सहा इंच बसवायला आस पाट्यांच्या खालून वर घेतात. तेव्हा आसाच्या वर चासी खालच्या बाजूने कापून सी आकाराची खाच करावी लागते आणि तिथे जाड पट्टी बोल्टने किंवा वेल्डिंगने बसवावी लागते. हे वगळून स्वस्तात काम करणारे भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. रिकाम्या ट्रकचं आणि लादलेल्या ट्रकचं आस-ते-बंप-स्टॉप अंतर टेपने मोजा. लादल्यावर दोन इंच तरी राहिले पाहिजेत.

कमी पडत असतील तर मदतीला एअर बॅग, म्हणजे आस आणि चासी यांच्यामध्ये बसणारी हवेची रबरी पिशवी. पाच हजार पौंडांच्या प्रकारात साधारण 5 पासून 100 पीएसआयपर्यंत हवा भरतात. रिकाम्या ट्रकलाही किमान हवा ठेवा, नाहीतर रबर दुमडून चिमटतं. जोडणी झाल्यावर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा. बॅग ट्रकची शेपटी वर आणते, दारावरचा आकडा वाढवत नाही. हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि दुकानदार ते हमखास एक करतो.

पुढे उंच, मागे खाली असा "कॅरोलायना स्क्वॉट" मात्र कुणीच करू नये. नॉर्थ कॅरोलायनाने 1 डिसेंबर 2021 पासून पुढचं फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच ठेवायला बंदी घातली. त्या ट्रकला बॉलवर 800 पौंड टाकले की हेडलाइट झाडांवर. ट्रक सपाट दिसावा म्हणून पुढे दोन इंचांचा लेव्हलिंग किट घालणारेही अर्धवट तिकडेच चाललेले असतात. कारखान्याने मागचा भाग मुद्दाम उंच ठेवलेला असतो, भार आल्यावर ट्रक सरळ व्हावा म्हणून.

आणि हे सगळं वाचून इकडच्या, भारतातल्या हायलक्स किंवा व्ही-क्रॉस पिकअपवर प्रयोग करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ नोंदणीतल्या रचनेत असा फेरफार करता येत नाही.

फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा ट्रेलर, घेणार असाल तर ट्रक उचलण्याआधी मोजा. हौद्याच्या बाजूच्या भिंतीचा वरचा काठ आणि ट्रेलरच्या पुढे आलेल्या भागाचा तळ यांत सहा इंच तरी हवेत. ट्रक उचलला की एवढी जागा ठेवायला ट्रेलरचं नाक वर करावं लागतं. मग ट्रेलरचेही आस पाट्यांखाली घेऊन तो अख्खा उचलतात. असा उंच ट्रेलर बाजूच्या वाऱ्यात कसा वागतो, ते टेक्सासच्या पॅनहँडलमधून, म्हणजे उत्तरेकडच्या मोकळ्या, वाऱ्याच्या पट्ट्यातून, जाणाऱ्यांना विचारा.