ड्रॅगन परवडला

"तिनं 'हो' म्हटलं तर पुढं काय करायचं?"

काल रात्री फोंड्याला, आमच्या रोल-प्लेइंग गेमच्या (एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायची) टेबलावर हा प्रश्न आला. गेम मास्टर म्हणून गोष्ट चालवायचं काम माझं, तरी मीच गप्प.

सीन साधा. शाळेचा डान्स, हॉलमध्ये पताका, भिंतीला चिकटून उभी मुलं. विचारणारा आमचा मित्र, वय 38. मागच्या महिन्यात त्याच्या पात्रानं हसत हसत ड्रॅगनच्या तोंडात उडी घेतली होती. इथं मात्र हॉल ओलांडेना. जमलं की फसलं ते ठरवणारा वीस बाजूंचा फासा मुठीत घट्ट, चहा थंड, भज्यांना हात नाही.

"टाकायलाच हवा का रे?"

लढाईला नियमांची पानंच्या पानं असतात. 'नाचशील का?' विचारायला जेमतेम एक फासा. त्यात सगळ्यात वाईट, एकचा आकडा पडायची शक्यता 5 टक्के, पण ह्याचा चेहरा बघितला तर नव्वद वाटावी.

मग लक्षात आलं, असा डान्स आमच्यापैकी कुणी केलाच नाही. आमच्या गोव्याच्या लोकनाचांत धालो, फुगडी बायकांची, रोमटामेळ पुरुषांचा. गॅदरिंगला मुली एका बाजूला, मुलगे दुसऱ्या. मडगावात मित्राच्या लग्नात जोडीनं नाचायचा वॉल्ट्झ सुरू झाला की आम्ही सगळे जेवणाच्या रांगेत!

शेवटी फासा टाकायला लावलाच नाही. त्याच्या पात्रानं हॉल ओलांडला, "नाव काय तुझं?" एवढंच विचारलं. कान लाल झाले. पात्राचे नव्हे, ह्याचे.

सकाळी मेसेज केला, "शाळेत कुणाला विचारायचं राहिलं होतं काय रे?"

दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर नाही अजून.