तुम्ही विचारलंत म्हणून: गल्लीतला शेजार आणि कुरडया

नाशिकच्या सोसायट्यांमधली तरुण मंडळी लासलगाव-निफाडकडच्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारतात: "तुमच्या लहानपणी शेजार एवढा घट्ट कसा असायचा?" माझं उत्तर ठरलेलं आहे: कामामुळे. तेव्हाची माणसं आजच्यापेक्षा मनानं मोठी होती, असं मी मानत नाही. काही कामं एका घराच्या हातांना पुरी पडत नसत, एवढंच. शेतात सावड होती, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या रानात काम करायचं, तशी गल्लीत वाळवणं. त्यात सगळ्यात अवघड कुरडया.

आधी दिवस ठरवायचा. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी, द्राक्षांचीही तोडणी चालू, त्यामुळे बायका सकाळपासून रानात. आणि गहू एकदा भिजत घातला की तारीख हलवता येत नाही. 3 दिवस भिजवायचा, चौथ्या दिवशी वाटायचा, पाचव्या दिवशी पहाटे चीक, म्हणजे गव्हाचं गाळलेलं सत्त्व, शिजवायचा. म्हणून घरं आपापला गहू एकेक दिवसाच्या अंतरानं भिजत घालायची. आज काकूंकडे, उद्या समोरच्या मावशींकडे. ज्यांच्याकडे लग्न असेल त्यांची पाळी आधी, कारण त्यांना रुखवतासाठी रंगीत कुरडयाही लागायच्या.

भिजवलेल्या गव्हाचं पाणी रोज बदलायचं. एक दिवस चुकला तरी आंबूस वास येतो आणि तो तळल्यावरही जात नाही. दाणा बोटांत दाबला की पांढरं दूध सुटलं पाहिजे. मग वाटायचं. हातानं फिरवायचं मशीन एखाद्याच घरी असायचं आणि ते गल्लीभर फिरायचं, तसाच सोऱ्या आणि मोठं पातेलं. वाटलेला गहू पाण्यात कालवून 2-3 वेळा पिळायचा आणि धोतराच्या फडक्यातून गाळायचा. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होत, काही वाया जात नसे. गाळलेलं रात्रभर न हलवता ठेवलं की चीक तळाशी बसतो. सकाळी वरची पिवळसर निवळ अलगद ओतून टाकायची.

खरी परीक्षा पुढे. जेवढा घट्ट चीक, तेवढंच पाणी उकळायचं, त्यात मीठ आणि हिंग. मीठ चवीला जरा कमीच ठेवायचं, कारण कुरडई वाळली की खारटपणा वाढतो. एकीनं चीक बारीक धारेनं सोडायचा, दुसरीनं हाटत राहायचं. हे एकटीनं होत नाही. धार सोडायला हाटणारा हात थांबला की गुठळी झालीच, आणि गुठळी सोऱ्याच्या ताटलीत अडकते. पांढरा चीक शिजत आला की काचेसारखा दिसू लागतो. मग आच मंद करून झाकण ठेवायचं, अधूनमधून तळापासून हलवायचं. ओलं बोट लावून बघायचं. चिकटलं नाही तर झाला. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तुकडे पडतात आणि तेलात फुलत नाही.

इथून घाई. चीक गार झाला की दट्ट्या दाबला जात नाही, म्हणून पातेलं चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या मंद आचेच्या तोंडावर, झाकून ठेवायचं आणि दोघी-तिघींनी भराभर घालायच्या. म्हणूनच गल्ली पहाटे उठायची: रानात जायच्या आत शेजारणीच्या खाटा कुरडयांनी भरलेल्या असत. दाब द्यायला बळ लागतं, तिथे मोठी मुलं. धाकट्यांकडे कावळे हाकायचं काम आणि मोबदल्यात वाटीभर गरम चीक, कोणाला दूध-साखर घालून, कोणाला तेल-तिखट. ती वाटी कामाला न आलेल्या घरीही जायची. मला हा रिवाज फार मोलाचा वाटतो.

कडक ऊन असेल तर 2-3 दिवसांत कुरडई खणखणीत वाळते. लुगड्यावर घातलेल्या सुटत नसतील तर कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा. आपल्याकडे चैत्रात गारपीट नवी नाही. आभाळ आलं की ज्याला आधी दिसेल तो हाक मारायचा आणि हाताला लागेल त्याची खाट आत ओढायचा. भिजलेली कुरडई बुरसटते, त्यावर इलाज नाही.

आता सोसायटीत करून बघायचं असेल तर पहिल्यांदा 2 किलोच गहू घ्या आणि 3 घरं मिळवा. एकानं हाटायला, एकानं धार सोडायला, एकानं घालायला. वाटायला मिक्सर चालतो, पण थांबत थांबत फिरवा; एकसारखा फिरवला तर कोंडा बारीक होऊन फडक्यातून खाली उतरतो आणि कुरडई काळपट होते. खाटेऐवजी जाड प्लास्टिक अंथरा, वाळली की आपोआप सुटते. गच्चीची किल्ली मात्र आदल्या रात्रीच मागून ठेवा.