तुम्ही विचारलंत म्हणून: कचेरीचे उंबरे कशाला झिजवता?

“भुकेल्याला पोटभर जेवू घाला, पुण्य लागेल. सरकारच्या मागे कशाला लागता?” लग्नकार्यात, एसटीत, घरच्या ताटावरसुद्धा हा प्रश्न मला ऐकावा लागतो.

पिशव्या मीही वाटल्यात. टाळेबंदीत आम्ही मित्रांनी वर्गणी काढून एका वस्तीत धान्य पोचवलं. दुसऱ्या महिन्यात वर्गणी आटली. तिसऱ्या महिन्यात त्या रस्त्याने जाणंच सोडलं, कुणी “पुढची पिशवी कधी?” विचारलं तर काय सांगणार?

त्याच वस्तीतल्या एका ताईंचं रेशनकार्ड एकदा हातात आलं. घरात खाणारी तोंडं सहा, कार्डावर नावं चार. धाकटी दोन्ही पोरं कार्ड झाल्यानंतरची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे ताईंसारख्या गरीब घराला, माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तर फुकट. म्हणजे ही दोन नावं चढली की वर्षाला १२० किलो. आमची पिशवी होती दहा किलोची.

अर्ज घेऊन पुरवठा शाखेत गेलो. साहेब मान वर न करता म्हणाले, “इष्टांक संपलाय.” हा शब्द ज्यांच्या कानावर पडला नाही ते सुखी. इष्टांक म्हणजे किती जणांना हे धान्य द्यायचं याची ठरलेली मर्यादा. देशातले ग्रामीण ७५ टक्के आणि शहरी ५० टक्के लोक कायद्यात येतात, पण डोकी धरली २०११ च्या जनगणनेची. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटींचा आकडा आला आणि तिथेच गोठला. आता नवं नाव चढायचं तर जुनं कुणाचं तरी उडायला हवं. साहेब काही दुष्ट नव्हते. आकडा दिल्लीत ठरतो, त्यांच्या टेबलावर नाही.

म्हणून निवेदनं. म्हणून ग्रामसभेचे ठराव, आमदार-खासदारांना पत्रं. कंटाळवाणं काम आहे, नाकारत नाही. फोटो काढण्यासारखं तर त्यात काहीच नसतं. पण २००१ साली सरकारी गोदामं ओसंडत असताना माणसं उपाशी होती, तेव्हा काही लोक असेच कागद घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला आदेश निघाला: शाळेत शिजवलेलं जेवण द्या. तोवर बऱ्याच राज्यांत महिन्याचं ३ किलो कोरडं धान्य पोरांच्या हातावर टेकवत. आज खिचडीच्या पंगतीत बसणाऱ्या पोराला ती याचिका ठाऊक नाही, कुणाचे आभार मानायचे नाहीत, की उद्या ताट मिळेल का याची धास्ती नाही. माझ्या पिशवीत ती सोय नव्हती.

ताईंच्या त्या दोन पोरांतल्या थोरल्याचं नाव अर्जानंतर अकराव्या महिन्यात चढलं. धाकटीचं अजून लटकलंय. काल त्यांचा फोन होता: “दादा, सोमवारी जायचं ना?”