चुंबकाला चिकटलेली पट्टी

मला हवा होता साधासुधा गॅब्रो. खोलवर शिलारस निवांत थंड होऊन झालेला, मोठ्या स्फटिकांचा खडक. त्यातल्या खनिजांवरून तो किती वेगाने निवला हे काढायचं होतं.

समोरच्या ट्रेमध्ये ७३५बी या विवराचे कोअर, म्हणजे खोदून काढलेले खडकाचे दंडगोल, होते. नैर्ऋत्य हिंदी महासागरातल्या अटलांटिस बँक या समुद्राखालच्या उंचवट्यावर १९८७ आणि १९९७ मध्ये मिळून १,५०८ मीटर खोल खोदलेलं विवर. पुढेही गेले असते, पण खवळलेल्या समुद्रात ड्रिलपाइप तुटला.

करड्या दगडात बोटभर रुंदीची काळी पट्टी दिसली. वहीत लिहिलं, ‘बेसॉल्टचा डाइक?’ (म्हणजे भेगेत शिरून गोठलेल्या शिलारसाची पट्टी.) सवयीने पेन्सिलीच्या टोकाचं चुंबक जवळ नेलं, तर ते टचकन चिकटलं.

भिंगातून पाहिलं. डाइक असता तर कडा सरळ, धारदार असती. इथे तर शेजारचे स्फटिक पट्टीकडे वाकलेले, प्लॅजिओक्लेज हे फिकट खनिज साखरेसारखं बारीक चुरलेलं. त्या चुऱ्याच्या फटींत मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही लोहाची काळी खनिजं भरलेली! म्हणजे खडक घट्ट होत आला होता, पण पुरता गोठला नव्हता. तेवढ्यात त्याला कातरणारी ओढ बसली आणि उरलासुरला लोहयुक्त शिलारस त्याच भेगाळ वाटेने सरकला. निवांत कसला!

इथल्या सागरी कटकाच्या दोन्ही बाजूंचे भूपट्ट मिळून वर्षाला जेमतेम १४ मिलिमीटर दूर सरकतात. शिलारसाचा पुरवठा तुटपुंजा, कायमचं शिलारसाचं कोठार नाही. थोडाथोडा रस येतो, निवतो, पुन्हा येतो. मधलं ताणणं भ्रंश उरकतो. एकाच लांबलचक भ्रंशाने वरचा लाव्हा आणि डाइक बाजूला ओढून नेले, म्हणून एरवी दीडदोन किलोमीटर खाली असणारा गॅब्रो इथे थेट समुद्रतळावर आहे, अवघ्या ७०० मीटर पाण्याखाली. (पाठ्यपुस्तकातली सागरी कवचाची थरांच्या केकसारखी आकृती इथे कामाची नाही, मी ती वर्गात अजूनही काढतो.)

पट्टीला छेदून अ‍ॅम्फिबोल या खनिजाची हिरवट-काळी शीर गेली होती. खडक तापलेला असतानाच समुद्राचं पाणी आत शिरल्याची ती खूण. म्हणजे माझं थंड होण्याचं गणित नुसत्या उष्णतावहनावर बसणार नव्हतं. वर ओढलं जाणं आणि पाणी, दोन्ही धरायला हवं होतं.

नमुन्याचा अर्ज बदलून पट्टीच मागितली. करवतीखाली ती चुरली. निम्मीच हाती आली.