बुडाशी चार अक्षरं

वाटणीच्या आधी घरातल्या जुन्या वस्तूंची यादी करून किंमत सांगायची, हे माझं काम. दादरच्या पारसी कॉलनीतल्या त्या घरी घड्याळं, झुंबर, शिसवी पलंग असं सगळं होतं, पण आंटींनी पहिल्यांदा हाताला धरून नेलं ते शोकेसपाशी. झाकणाची गोलमटोल बरणी. निळ्या जमिनीवर तडकलेल्या बर्फाच्या रेषा आणि त्यावर प्लमची पांढरी फुलं.

"कांगशी बादशहाच्या वेळची, दीकरा. तीनशे वरसांची. पणजोबा कँटनहून घेऊन आले."

पणजोबा सुताच्या व्यापारात होते. मुंबईच्या गिरण्यांचं सूत तेव्हा चीनला भरभरून जायचं, त्यामुळे कँटनची गोष्ट मला पटली.

झाकणाची बरणी हाताळताना झाकण आधी वेगळं करायचं, नाहीतर उलटी करताना तेच पहिलं फुटतं. बांगड्या काढल्या, टॉवेलची चौपदरी घडी टेबलावर घातली. आत शर्टाची बटणं, सेफ्टीपिना आणि एक गंजकी किल्ली निघाली. सगळं वाटीत ओतून बरणी पालथी केली.

बुडाशी निळं दुहेरी वर्तुळ, त्यात चार अक्षरं. ती उजव्या रांगेपासून, वरून खाली वाचायची. शिकत होते तेव्हा मी सवयीने डावीकडून सुरुवात करायचे आणि बादशहाचं नाव शेवटी यायचं. इथे सरळ लिहिलं होतं: कांगशी न्येन ज, म्हणजे कांगशीच्या कारकिर्दीत घडवलेलं. कारकीर्द १६६२ ते १७२२.

अक्षरांत चूक नव्हती. बाकीची बरणी मात्र वेगळंच सांगत होती. कांगशीच्या चांगल्या कामात निळ्याच्या छटा एकावर एक चढवलेल्या दिसतात, गडद आणि फिकट. इथे रंग सपाट बसला होता, बर्फाच्या रेषा भराभर ओढलेल्या. बुडाच्या कडेवरून नख फिरवलं तर खरखरीत लागलं. आणि मुख्य म्हणजे नाव होतं, हेच खटकलं! १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या, म्हणजे चीनमधल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावच्या, अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव घालायला मनाई केली होती. भांडं फुटलं की नाव उकिरड्यावर जाणार, म्हणून. त्यामुळे त्या काळच्या बऱ्याच भांड्यांच्या बुडाशी नुसतं रिकामं दुहेरी वर्तुळ सापडतं. दीड-दोनशे वर्षांनी, कांगशीच्या धाटणीची भांडी पुन्हा निघू लागली तेव्हा, कारागिरांनी त्याच वर्तुळात बादशहाचं नाव सढळ हाताने लिहिलं. अशा बरण्यांचं लंडनमध्ये तर खूळच लागलं होतं. तिथे या प्लमच्या फुलांना हॉथॉर्न (तिकडच्या एका काटेरी झुडपाचं नाव) म्हणत, ते चुकीचंच.

"एकोणिसाव्या शतकाचा शेवट," मी म्हटलं. आणि पुढे जीभ घसरली, "खूण नकली आहे."

आंटींचा चेहरा उतरला. तो शब्द मी वापरायला नको होता. जुन्या बादशहाचं नाव घालणं ही तिथली जुनी रीत; खुद्द कांगशीच्या काळातल्या भांड्यांवरही पंधराव्या शतकातल्या छंगह्वा बादशहाचं नाव सापडतं. त्यात कधी फसवणूक असते, पुष्कळदा जुन्या कामाचा मान असतो. ते मी सांगत बसले, पण त्या ऐकत नव्हत्या.

"म्हणजे पणजोबाला कोणी ठगवला?"

"ते कँटनला कधी गेले होते?"

आंटींनी बोटांवर हिशेब केला. अठराशे पंच्याऐंशीच्या आसपास.

"मग ठगवलं कसं? त्यांनी घेतली तेव्हा ती कोरी करकरीत असणार. दुकानात आवडली, घेतली."

आंटी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग खुदकन हसल्या. "नवी घेतली! आणि आम्ही चार पिढ्या तिला हात नाही लावू दिला पोरांना."

मी यादीत लिहिलं: झाकणाची बरणी, जिंगदेझेन, कांगशी धाटणी, चार अक्षरी खूण नंतरची, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. किमतीचा आकडा लिहिणार तेवढ्यात आंटींनी वाटी उचलली आणि बटणं परत बरणीत ओतली. किल्ली तेवढी बाहेर ठेवली. कशाची आहे ते त्यांना आता आठवत होतं.