आमची वाटचाल : खारं पाणी, डोंबिवली पूर्व

डोंबिवली पूर्वेत प्रवाळाची पहिली टाकी कोणी लावली, यावर हल्ली बरेच जण हक्क सांगतात. सांगोत बापडे. आमचं दुकान खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळ यांच्या टाक्यांचं. आमच्याकडे 2008 ची बिलबुकं जपून ठेवलेली आहेत आणि त्यात 'स्किमर, 1 नग' अशी नोंद आहे. स्किमर म्हणजे खाऱ्या पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणारं यंत्र. त्या काळी इथल्या मासेवाल्यांना स्किमर दाखवला की ते विचारायचे, हे ज्यूसरचं भांडं का?

गोल्डफिशच्या धंद्यातून मी खाऱ्या पाण्यात उतरलो तो मामांच्या जिवावर. मामा म्हणजे आमचे काचवाले. कागदावर ते कधीच भागीदार नव्हते, पण सुरुवातीची वर्षं त्यांनी टाकी विकली गेल्यावरच पैसे घेतले, आणि नाही विकली तर विषयही काढला नाही. खिडक्या-आरसे बसवणारा माणूस, पण सिलिकॉनची धार अशी ओढायचे की सांध्यात बुडबुडा सापडणार नाही. दोन्ही कडांना मास्किंग टेप, मग सिलिकॉन, त्यावरून अंगठा एकदाच, आणि ओलं असतानाच टेप काढायची. कोणी दुसऱ्यांदा बोट लावायला गेलं की हातावर फटका. दोन बाय दीड बाय दीड फुटी टाकीसाठी मी त्यांना विचारलं होतं, "मामा, 8 एमएम चालेल ना?"

"न चालायला काय झालं? फक्त रात्री झोप मला लागेल, तुम्हाला नाही."

आमची एकही टाकी 10 एमएमच्या खाली नसते ती त्यामुळे. ओव्हरफ्लोचं, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडायचं, भोक पाडायचं तर काचेवर शाडूच्या मातीचं आळं करून त्यात पाणी भरायचं आणि मग डायमंड बिट चालवायचा, हीसुद्धा मामांचीच युक्ती. बिट तापत नाही, काच तडकत नाही. गणपतीत मूर्तिकाराकडे उरलेली शाडू आम्हाला वर्षभर पुरते.

तेव्हा लोडशेडिंग होतं. रीफमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या टाकीत, पाणी फिरायचं थांबलं की त्यातला प्राणवायू उतरायला लागतो, आणि साध्या इन्व्हर्टरवर पंप भुणभुण करत तापतात. म्हणून प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतला. त्याचा हप्ता गाळ्याच्या भाड्यापेक्षा जास्त होता. शेजारचे झेरॉक्सवाले म्हणाले, माशांना एवढं, मग घरच्यांना काय? घरी साधी मेणबत्ती होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक म्हणजे एक दाताच्या डॉक्टर मॅडम. दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत त्यांना टाकी हवी होती. त्यांनी पहिल्या भेटीत विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो: "सगळं मेलं तर ते कशामुळे मेलं, हे तुम्हाला सांगता येईल का?" किंमत नंतर विचारली. असं गिऱ्हाईक दर दहा वर्षांत एक मिळालं तरी धंदा तरतो.

आमची फ्रॅग, म्हणजे वाढवायला घ्यायचे प्रवाळाचे तुकडे, तोडायची हत्यारंही त्यांचीच देणगी. दवाखान्यातून बाद झालेला रॉंजर, म्हणजे हाड कुरतडायचा चिमटा, त्यांनी निर्जंतुक करून, कागदात गुंडाळून आणून दिला. झोआची, म्हणजे बारीक फुलांसारख्या जिवांच्या प्रवाळाची, वसाहत ज्या खडकावर बसलेली असते तो खडक खालून नखाएवढा कुरतडता आला पाहिजे, वरच्या जिवाला, म्हणजे पॉलिपला, धक्का न लागता. बाजारात प्रवाळासाठी म्हणून मिळणारी कात्री इथे चिरडते, रॉंजर टिपून उचलतो. मशरूम प्रवाळाला 15 नंबरचं सर्जिकल ब्लेड, तोंडाच्या मधोमध एकच काप. मग तुकडा टिपून कोरडा करायचा, सुपरग्लू जेलचा मोठा थेंब, आणि सिरॅमिकच्या प्लगवर दाबायचा. पातळ सुपरग्लू वापरू नका, पाण्यात नुसता पांढरा पापुद्रा होतो. आणि झोआला किंवा त्याच्या भावकीतल्या पॅलीला हात लावताना ग्लोव्हज आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. त्यात पॅलिटॉक्सिन असतं, ते काही गमतीचं विष नाही. पॅली असलेला खडक साफ करायला उकळत्या पाण्यात टाकाल तर वाफेतून अख्खं घर आजारी पडेल. मी हे प्रत्येक बिलामागे शिक्का मारून देतो, तरी वर्षाकाठी एक तरी फोन येतो: "दादा, खडक उकळू का?"

2010 ते 2016 धंदा चालत होता. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ज्या दुकानाने आम्हाला जवळजवळ बुडवलं त्याचं नाव घेणार नाही, जुन्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक आहे आणि नव्यांना कळून उपयोग नाही.

मे 2017 मध्ये केंद्र सरकारने मत्स्यालयाच्या दुकानांसाठी नियम काढले. बंदी घातलेल्या माशांच्या यादीत क्लाउनफिशसुद्धा होता. ते नियम पुढे मागे घेतले गेले, पण तोवर गिऱ्हाईक बिचकलं ते बिचकलंच. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी काचेच्या दर्शनी भागाचं, एसीचं, झगझगीत दुकान उघडलं. बाहेर फलक: 'आठ दिवसांत रीफ टँक'.

या धंद्यातल्या माणसाला यातली गंमत समजावून सांगायला नको. नव्या टाकीत आधी अमोनिया चढतो, तो खाणारे जिवाणू वाढले की नायट्राइट चढतं, ते उतरून नायट्रेट दिसायला लागतं. याला चार ते सहा आठवडे लागतात. मग काचेवर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर येतो, त्यामागून केसाळ हिरवं शेवाळ, आणि गिऱ्हाईक म्हणतं टाकी खराब झाली. आम्ही ॲडव्हान्स घेऊन महिनाभर नुसते दगड दाखवायचो. ते आठव्या दिवशी जांभळ्या-हिरव्या प्रवाळांनी भरलेली टाकी दाखवायचे. तुम्हीच सांगा, कोण कुणाकडे जाईल? त्यांचे प्रवाळ दोन महिन्यांत विरघळायचे, मग पुन्हा नवे विकायचे. त्यांच्या दृष्टीने धंदा उत्तम होता.

आमच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपण मोजायचं साधन, धरायला शिकलेला पोरगा दीडपट पगारावर तिकडे गेला. त्याचं मला वाईट वाटलं नाही, लग्न ठरलं होतं त्याचं. पण जाताना आमच्या सर्व्हिसिंगची वही मोबाइलमध्ये उतरवून घेऊन गेला, आणि महिनाभरात आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांना 'पहिले तीन महिने मेन्टेनन्स फुकट' असे फोन गेले.

मॅडम एका लग्नाला नाशिकला गेल्या होत्या. दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या ताईंना फोन आला, फुकट आहे म्हटल्यावर त्या हो म्हणाल्या. तिकडचा माणूस आला, क्लाउनवर पांढरे ठिपके दिसले, त्याने बाटली काढली आणि ओतली. दोन दिवसांनी मॅडमचा फोन. "दादा, मासे छान आहेत, ठिपकेही गेलेत. पण बाकीचं सगळं वितळतंय."

मी गेलो तर झेनिया या मऊ प्रवाळाचा नुसता चिकट लोळ. लेदर, तोही मऊ प्रवाळच, आक्रसून काळपट. टर्बो गोगलगाई वाळूत उताण्या पडलेल्या, पाय बाहेर लोंबलेला. साफसफाईची लाल-पांढरी कोळंबी गाळणीला चिकटलेली. आणि या सगळ्यात दोन्ही क्लाउन मजेत पोहतायत, अंगावर एक ठिपका नाही. मी तिथेच तांब्याची टेस्ट काढली. रीफच्या पाण्यात ही टेस्ट कोरी यायला हवी. नळी रंगली. माशांच्या औषधातलं तांबं माशांना सोसतं, पाठीचा कणा नसलेल्या जिवांना सोसत नाही. हे आमच्याकडे झाडू मारणारासुद्धा सांगेल, आणि तो पोरगा आमच्याकडेच शिकलेला. त्याने त्यांना सांगितलं नसेल का? सांगितलं असेल. ऐकलं नसेल.

खडक, वाळू दोन्ही टाकून द्यावे लागले, कारण चुनखडीचा खडक तांबं धरून ठेवतो आणि सावकाश सोडत राहतो. 2009 पासून वाढलेली टाकी होती ती. आमच्या दुकानातल्या बहुतेक झोआंचं मूळ त्या टाकीत होतं.

इथवर ठीक होतं. पण त्यानंतर डोंबिवली-ठाण्याच्या शौकीन लोकांमध्ये बातमी फिरली की आमच्या प्रवाळातून रोग येतो आणि दवाखान्यातली टाकी त्यानेच बसली. कोणी फिरवली याचा कागदी पुरावा माझ्याकडे नाही. पण ठरलेली कामं रद्द झाली, एका हॉटेलवाल्याने ॲडव्हान्स परत मागितला. पतपेढीचे हप्ते थकले. मोठा चिलर, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र, विकला, एक गाळा सोडला, आणि मी पुन्हा सोसायट्यांच्या लॉबीतल्या गोल्डफिशच्या टाक्या धुवायला लागलो. मामा तेव्हा रोज संध्याकाळी येऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत, जाताना एखादी काच पुसून जायचे.

उभं केलं मॅडमनी. त्यांनी टेस्टची रंगलेली नळी, तारीख आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीचा फोटो दवाखान्यातल्या रिकाम्या टाकीवर चिकटवला. खाली स्वतःच्या अक्षरात: 'ही टाकी तांब्याने मेली.' वर्षभर तो कागद तिथे होता. दाढ दुखणारा प्रत्येक माणूस तो वाचत बसायचा. आणि ज्यांना आम्ही पूर्वी झोआ दिले होते, त्यांच्यातले काही जण न बोलावता फ्रॅग घेऊन आले, आइस्क्रीमच्या डब्यात पाणी घालून, लोकलने. एक तर थेट कर्जतहून. आमच्या आजच्या मदर कॉलन्या, म्हणजे ज्यांचे तुकडे तोडून आम्ही वाढवतो त्या मूळ वसाहती, त्या डब्यांतून आलेल्या आहेत.

लॉकडाउनमध्ये त्या दुकानाचं शटर पडलं ते उघडलंच नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली तेव्हा आमचा तो जुना इन्व्हर्टर आणि बॅटरीचे एअरपंप चालू होते. झेरॉक्सवाले मोबाइल चार्ज करायला आमच्याकडे आले. मी काही बोललो नाही, पण त्यांना आठवलं असावं.

नव्याने सुरू करणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो, विचारलेल्या नसल्या तरी. फार छोटी टाकी घेऊ नका. 30 लिटरमध्ये सगळं भराभर बदलतं, 100 लिटर पाणी तुम्हाला चुका करू देतं. 100 लिटरला साधारण पावणेचार किलो रीफ सॉल्ट लागतं, वजनकाट्यावर मोजून, वाटीने नव्हे. खारेपण 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार), म्हणजे घनता 1.026 च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून गप्प बसू नका, 35 पीपीटीच्या तयार द्रावणावर तपासा. उडून जातं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं, तेव्हा वरून भरायचं ते गोडंच. घरच्या आरओचं पाणी चालत नाही, त्यात चवीसाठी क्षार परत सोडलेले असतात. पुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावा आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, शून्य आणा.

तापमान 25-26. पुण्याचे लोक फुशारकी मारतात की आमचं पंख्यावर भागतं. भागेल, तिथली हवा कोरडी आहे. आमच्याकडे जूनच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, तर पंखा थंड काय करणार, कपाळ? चिलरचे पैसे आधी बाजूला काढा, लाइटचे नंतर. 30 च्या वर दिवसेंदिवस राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी उत्तम, पण पानाच्या डबीतला चुना नको, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणा, आणि ती रात्री थेंबथेंब सोडा, नाहीतर पीएच उसळतो.

"पलीकडे ब्रेन कोरल मिळायचं, तुम्ही का नाही ठेवत?" असं त्या दुकानाबद्दल अजूनही विचारतात. ब्रेन कोरल म्हणजे मेंदूसारखं दिसणारं दगडी प्रवाळ. दगडी प्रवाळ 2001 साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आले, समुद्रघोडाही. कोस्टल रोडच्या वेळी वरळी-हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तर महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. मग मी कोण लागून गेलो? मालवणला स्नॉर्कलिंग करून आलेली मंडळी खिशातून तुकडा काढून दाखवतात, त्यांनाही हेच सांगतो आणि काउंटरवर ठेवू देत नाही. आमच्याकडे झोआ, मशरूम, लेदर, झेनिया एवढंच, आणि इथेच तोडून वाढवलेलं.

त्या दुकानाचं सामान निघालं तेव्हा टाक्या मामांनी भंगाराच्या भावात उचलल्या, मला न विचारता. चार फुटी, चांगल्या 12 एमएमच्या, सिलिकॉन मात्र कसंतरीच ओढलेलं. त्यात काय काय ओतलं गेलं असेल देव जाणे, म्हणून खारं पाणी त्यात कधी भरलं नाही. गप्पी ठेवलेत. चांगले वाढतात, जोडी 20 रुपये.